के फॉर कणीक

रविवारी रात्री सव्वानऊला, म्हणजे गृहपाठाच्या अगदी मुहूर्तावर, चिमी वही घेऊन आली. "बाबा, 'के'पासून सुरू होणारे दहा शब्द आणि त्यांचे अर्थ. उद्याच द्यायचेत."

मी हसलो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. ते पहिलीपासून आलं २००० साली. पण म्हणून चौथीतल्या पोरीपुढे दहा शब्दांची काय मिजास? किंग, किक, की, काईट, किड. पाच झाले. सहाव्याला गाडी अडली.

"कॅट," मी म्हणालो.

"बाबा, ती सी-ने!"

स्वयंपाकघरातून माझी आई ओरडली, "किडनी लिहा."

"अर्थ?"

"किडनी म्हणजे किडनी. तुझ्या मामाला स्टोन झाला तेव्हा मूत्रपिंड म्हणत रडलो होतो का आपण?"

शेवटी माळ्यावरून डिक्शनरी काढली. 'के'चं प्रकरण अगदीच हडकुळं निघालं. सगळा धंदा सी-ने पळवलेला. उरलेल्यातही खाकी आपल्याकडून गेलेली, आणि केजरी म्हणजे तर आपली खिचडीच, साहेबाने मासे घालून बाटवलेली. काईटचा पहिला अर्थ 'घार', पतंग त्यानंतर. किडचा पहिला अर्थ 'करडू'. मी ऐटीत करडूच लिहायला लावलं. अभ्यास म्हणजे अभ्यास.

मग ती मुकी टोळी लागली. नाइफ, नी, नॉट, नाइट.

"नाइफ तर एन-ने," चिमी म्हणाली.

"नाही. पुढे के आहे. म्हणायचा नाही."

"मग ठेवलाय कशाला?"

लग्नपत्रिकेत छापलेल्या चुलत काकांसारखं आहे हे. कार्यात त्यांचं काम शून्य, पण नाव गाळून बघा! इथेही तेच. के गाळला की 'नॉट' म्हणजे गाठ, तिची थेट 'नाही' होते. सरदाराची रात्र होते. आणि 'नीड', म्हणजे मळणे, त्याचं स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला नुसती गरजच उरते.

"हे बघ, आजी करतेय ना, ते नीड."

"मी उद्याच्या डब्याची कणीक मळतेय," आई आतून म्हणाली. साहेबाने गिळलेला तो के कुठे गेला, ते मला तेव्हा कळलं.

चिमी दात घासायला गेली तेवढ्यात मी मोबाईल उघडला, आणि फसलो. पूर्वी इंग्रज लोक हा के चक्क उच्चारायचे. क्नाइफ, क्नी असं काहीतरी. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि सतराव्या शतकाच्या सुमाराला के तोंडातून गेला तो कागदावरच राहिला. जर्मन मात्र गुडघ्याला अजून 'क्नी' म्हणतात. त्याहून भारी म्हणजे नाइट आणि नेव्ह. मुळात दोन्हींचा अर्थ एकच, पोरगा. त्यातला एक पोरगा घोड्यावर बसून सरदार झाला, दुसरा पत्त्यांत गुलाम. एका आळीत वाढलेल्या मुलांचं होतं तसंच.

आणि 'नो', म्हणजे जाणणे. त्याचं आणि आपल्या 'ज्ञान'चं मूळ एकच. गुडघ्याच्या 'नी'चं आणि 'आजानुबाहू'तल्या जानूचंही. मी एवढा खूश झालो की ब्रश तोंडात असलेल्या पोरीलाच धरून सांगितलं.

तिने चूळ भरली. "पण बाबा, आपण तरी 'ज्ञ'मधला ज कुठे म्हणतो? ज्ञानेश्वर आपण 'द्न्यानेश्वर'च म्हणतो की."

मी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. खरंच नव्हता.

"झोप आता," मी म्हणालो. "अकरा वाजले."

सोमवारी संध्याकाळी वही परत आली. नऊ बरोबर. सरदार, गाठ, मळणे, सगळ्यांवर टिक. करडूवर मात्र लाल फुली, आणि बाजूला सुवाच्य अक्षरात 'मूल'.

मी डिक्शनरी काखेत मारली. उद्या शाळेत जाऊन बाईंना पान उघडूनच दाखवतो, म्हटलं.

"काही नको," आई पोळी उलटत म्हणाली. "ते करडू खाली अंगणात उड्या मारतंय, त्याला हाक मार जेवायला."