व्हेडर मोठा की नायहिलस?

फर्ग्युसन रस्त्याजवळच्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटांच्या मालिकेचा विषय निघाला, की तिच्यातला काळ्या मुखवट्याचा खलनायक डार्थ व्हेडर श्रेष्ठ की डार्थ नायहिलस, हा वाद कोणीतरी उकरून काढतोच आणि चहावर साय धरली तरी तो मिटत नाही. अहो, अख्ख्या ग्रहावरचे जीवन शोषून घेणारा हा नायहिलस २००४च्या एका व्हिडिओ गेममधला, आणि तसले बहुतेक जुने खेळ व कादंबऱ्या लुकासफिल्मने २०१४ मध्ये ‘लेजंड्स’ म्हणून मुख्य कथाविश्वातून वेगळ्या काढल्या. मग दोघांना एकाच तराजूत घालण्याचा अट्टाहास कशासाठी?

त्याहून संतापजनक म्हणजे या वाद घालणाऱ्यांचे गणित. १९८३च्या चित्रपटात, हात नुकताच तुटलेला असूनही, सम्राट छळत असलेल्या आपल्या मुलाची, ल्यूकची, तडफड न बघवून व्हेडर त्या सम्राटाला, म्हणजे स्वतःच्याच स्वामीला, उचलून खोल गर्तेत भिरकावतो, यावरून ‘म्हणजे व्हेडरची शक्ती सम्राटाहून जास्त’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना त्या प्रसंगातला बाप दिसतच नाही. (सम्राटाचे सगळे लक्ष तेव्हा ल्यूकवर होते, हेही सोयीस्करपणे विसरले जाते.) परवा तर एका महाभागाने शंभरपैकी गुणांचा तक्ताच आणला, आणि त्यात धापा टाकतो म्हणून व्हेडरचे पाच गुण कापले होते!