इथे असं नसतं, काका

गेल्या शुक्रवारी रात्री ९ वाजून ५२ मिनिटांनी, गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एका जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घराच्या अंगणात चालणाऱ्या जॅझ क्लबमध्ये, माझ्याहून निदान पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या एका गृहस्थाने मला 'काका' म्हटले. वेळ इतकी नेमकी लक्षात राहण्याचे कारण असे की, त्यानंतर आठच मिनिटांनी कार्यक्रम कायद्याने बंद पडला आणि त्या आठ मिनिटांत मी संगीताचा एकही स्वर ऐकला नाही. मी केवळ मनातल्या मनात उत्तरे रचत होतो. ती उत्तरे आता तयार आहेत. ऐकायला तो गृहस्थ मात्र नाही.

मी तिथे गेलो तो माझ्या भाच्यामुळे. आमच्या ताईने त्याला तबल्याला घातले होते. तो तिथून कधी सटकला आणि पाश्चात्त्य संगीताच्या वर्गात कधी जाऊन बसला, हे घरात कोणालाच कळले नाही, आणि कळले तेव्हा दिवाणखान्यात माणसापेक्षा उंच असा डबल बास उभा होता. चर्चमधले जुने वादक या वाद्याला 'रबेकांव' म्हणत, अशी माहिती त्याने ताईला दिली, पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. फोंड्याहून निघताना या रबेकांवाला गाडीत पुढची सीट मिळाली. मी मागे बसलो आणि वाद्याची मान माझ्या खांद्यावर विसावली. पर्वरीला तुंबलेल्या वाहतुकीत शेजारच्या बसमधील लोक आमच्याकडे सहानुभूतीने पाहत होते, कारण मी कुणा आजाऱ्याला नेत आहे असे त्यांना वाटले असावे.

क्लबचा महिन्याचा कार्यक्रम भाच्याने मला आधीच पाठविला होता. गुरुवारी ब्लूज, शुक्रवारी जॅझ, शनिवारी कोणा दिवंगत वादकाला मानवंदना आणि रविवारी दुपारी वाटेल त्याने येऊन वाजवावे अशी मोकळी बैठक, असा तो भरगच्च बेत होता. मात्र त्या कागदावर अकरा कॉकटेलांची नावे घटकद्रव्यांसह ठळक अक्षरांत होती, गायकाचे नाव त्याहून ठळक होते आणि माझा भाचा, ड्रमवाला व सॅक्सोफोनवाला हे तिघे मिळून 'आणि साथीदार' झाले होते. फेणीत कोकम किती घालतात ते मला त्या कागदावरून समजले. बास कोण वाजवतो ते समजले नाही. वेळ ८ची दिली होती, सुरुवात ९ वाजून १० मिनिटांनी झाली. साथीदाराच्या एका नातेवाइकाला प्रवेश मोफत असतो, परंतु साध्या लिंबू सोड्याचे तीनशे वीस रुपये पडतात, म्हणजे मोफतपणाला मर्यादा आहे.

आता त्या गृहस्थाकडे वळतो, कारण आठवडाभर माझे मन दुसरीकडे वळतच नाही.

तो माझ्याच टेबलाला बसला होता, किंवा त्याच्या मते मी त्याच्या टेबलाला बसलो होतो. पांढरा लिननचा सदरा, मागे बांधलेली करडी शेंडीवजा वेणी आणि रात्रीच्या वेळी, आंब्याच्या झाडाखाली, डोक्यावर टोपी. मूळचा पुण्याचा, अकरा वर्षांपूर्वी जवळच्याच गावात घर विकत घेऊन स्थायिक झालेला. ही माहिती मी विचारली नव्हती. सॅक्सोफोनवाल्याने पहिला आलाप घेतला (त्याला आलाप म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण माझ्याजवळ तेवढाच शब्द आहे), तेव्हा हे गृहस्थ समोरच्या तरुण जोडप्याला सांगत होते, "जॅझ म्हणजे फ्रीडम. जॅझमध्ये नियम नसतात. म्हणून तर मी पुणं सोडलं." जोडप्याने मान हलवली. त्यानंतर पोदेराचा विषय निघाला. पहाटे पाव विकायला येणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवतो, त्यामुळे यांची झोप मोडते. शेजाऱ्याचा कोंबडा त्याहून आधी आरवतो. पलीकडच्या देवळात जत्रेला रात्री दोनपर्यंत नाटक चालते, त्याविरुद्ध यांनी लेखी तक्रार दिली असून तिची पोच यांच्या फोनमध्ये आहे. ती पोच त्यांनी जोडप्याला दाखविली. मलाही दाखविली. मी स्वतः अशाच एका जत्रेत रात्री दीड वाजता नारदाचे पद म्हटलेले असल्यामुळे मी ती नीट वाचली.

हे सर्व चालू असताना त्यांचे एक बोट टेबलावर ताल धरून होते. भाच्याने मला गाडीत बजावून सांगितले होते, "मामा, जॅझमध्ये चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन असतं. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी दिलीस तर मी तुला ओळखत नाही असं सांगेन." गृहस्थांचे बोट पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडत होते, अगदी आमच्या सप्ताहातल्या झांजेसारखे. मी त्याबद्दल काहीही बोललो नाही. ही गोष्ट माझ्या खात्यावर जमा व्हावी, एवढीच अपेक्षा.

मग ब्लूज सुरू झाले आणि भाच्याची पाळी आली.

ब्लूजची रचना मला त्याने सरगमच्या भाषेत समजावून दिली होती. बारा बारांचा एक फेरा असतो. (गोव्यात 'बारा बारांचा फेरा' म्हटले की माणसे भलतेच काही समजतात, म्हणून स्पष्ट करतो की, इथे बार म्हणजे चार मात्रांचा एक खण.) पहिले चार बार सा धरायचा, मग दोन बार मध्यम, पुन्हा दोन सा, मग एक पंचम, एक मध्यम आणि शेवटी दोन बार परत सा. शुद्ध गंधाराच्या घरात कोमल गंधार आणि कोमल निषाद बिनदिक्कत येऊन बसतात, त्यातून ती विशिष्ट हुरहूर निर्माण होते. एकताल बोटांवर मोजत वाढलेल्या माणसाला बाराचा आकडा परका नाही. इथे फक्त प्रत्येक मात्रेच्या जागी चार आहेत, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे झाले. विलंबित ऐकणाऱ्याला त्याचे काय भय?

बासची पाळी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो. इतर वाद्ये जवळजवळ गप्प होतात, आणि गप्प झाली म्हणजे मध्यंतर झाले असे समजून श्रोते बोलू लागतात. वेटर नेमका त्याच वेळी कार्डाचे यंत्र घेऊन फिरतो. एका टेबलावर सांगोल्डा येथील भूखंडाचा दर ठरत होता. दुसरीकडे कोणी तळलेल्या माणक्यांची, म्हणजे स्क्विडची, कुरकुर तपासत होते. आमच्या टेबलावर कोंबडा दुसऱ्यांदा आरवला. आणि त्या कोलाहलाच्या तळाशी माझा भाचा डोळे मिटून, त्या प्रचंड लाकडी देहाला कवटाळून, एकेक स्वर असा काढीत होता, जणू विहिरीतून कळशी ओढतो आहे. मी मोजत होतो. दहा. अकरा. सा आला, घर आले, आणि माझ्या तोंडून सहज, मनापासून, आणि कबूल करतो की नारदाच्या आवाजात, "वा!" निघाला.

गृहस्थांनी कोंबडा अर्ध्यावर सोडला. ओठांवर बोट ठेवले. "श्श!"

मी चमकून मागे पाहिले. मला वाटले, माणक्यावाल्यांना उद्देशून असेल.

"काका," ते म्हणाले, आणि आवाजात ती माया होती जी आपण बँकेत चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी राखून ठेवतो, "इथे असं नसतं."

"कसं नसतं?"

"असं 'वा' वगैरे. हे जॅझ आहे. आपली बैठक वेगळी. इथे शांतपणे ऐकायचं असतं."

"पण तुम्ही बोलत होता."

"मी हळू बोलत होतो."

"आणि नियम नसतात ना जॅझमध्ये?"

"वादकांना नसतात, काका," ते म्हणाले. "श्रोत्यांना असतात."

दोनदा काका! माझे वय अठ्ठावन्न आहे. त्यांच्या टोपीखाली किती आहे ते मी सांगत नाही, पण अकरा वर्षांपूर्वी निवृत्तीचे पैसे मिळाल्यावर घर घेतले, असे त्यांनीच त्या जोडप्याला सांगितले होते. हिशेब सरळ आहे.

बरे, म्हणणे चुकीचेही होते. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा शांततेत बसण्याची शिस्त सिम्फनीच्या सभागृहातली. जॅझमध्ये प्रत्येकाची पाळी संपली की टाळ्या वाजवणे, मध्येच ओरडून प्रोत्साहन देणे हा रिवाज आहे. म्हणजे माझा 'वा' तिथे अगदी घरचा होता, फक्त त्याला जॅझची टोपी घालता येत नव्हती. आमच्या मुलखात तर दाद ही मेजवानीतल्या मिठासारखी असते. संगीत नाटकाला 'वन्स मोअर' मिळाला नाही तर नट उपाशी झोपतो. माझ्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. तिथे 'वा' म्हणायला कोणी नाही हे वाईट, पण निदान 'श्श' करायलाही कोणी नाही.

आणि खरी चीड मला त्या 'श्श'ची तरी किती आली, हा प्रश्नच आहे. चीड आली ती अशी की, सगळ्या अंगणात बासवाल्याचे ऐकणारा एक माणूस होता आणि गप्प बसवायला त्यालाच निवडले गेले. ही रीत नवी नाही. या प्रांतातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, पोरांना नोटेशन वाचायला शिकवले, ती पोरे मुंबईला गेली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत शिरली. ज्या क्लबात मी लिंबू सोडा पीत होतो त्याच बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होता. १९५१च्या 'अलबेला'तल्या गाण्यांना जो झोक आहे त्यात त्याचा वाटा आहे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे व्हायोलिनांचे लोट सेबॅस्टियन डिसोझा कागदावर मांडत. महाराष्ट्राने आणि देशाने ती गाणी लग्नाच्या वरातीत झिजवली. पडद्यावरच्या नामावलीत या लोकांना जागा क्वचितच मिळाली. तेही 'आणि साथीदार'च. आज गोव्यात जॅझ ऐकायला माणसे विमानाने येतात, आणि कागदावर कॉकटेलचे पूर्ण नाव असते.

हे मी त्या गृहस्थांना सांगणार होतो. शब्द जुळत आले होते. तेवढ्यात दहा वाजले.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, असा २००० सालचा नियम आहे. सण-समारंभासाठी राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि शुक्रवार हा सण नव्हे. गायक एका ओळीच्या मधोमध होता. मालकाने हात वर केला, माइक बंद झाला, आणि गाणे तोंड उघडे ठेवून थांबले. ८ची वेळ छापून ९ वाजून १० मिनिटांनी सुरू करणाऱ्यांना दहाचे घड्याळ मात्र बरोबर दिसते. माझ्या टेबलावरचे गृहस्थ संतापाने उभे राहिले. "याला काय अर्थ आहे? कोण करतं या तक्रारी? लोकांना संगीताची कदरच नाही!" फोन त्यांच्या हातातच होता, पोच त्याच्याच आत होती. जोडप्यातल्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी लिंबू सोड्याच्या तळाशी उरलेला बर्फ चघळला.

निघताना त्यांनी पुढच्या आठवड्याचा कागद माझ्या हातात दिला आणि त्यावर गुरुवारभोवती पेनाने वर्तुळ काढले. "ब्लूजपासून सुरुवात करा, काका. सोपं असतं. हळूहळू कळायला लागेल." तिसऱ्यांदा. कागदावर खाली 'आणि साथीदार' तसेच होते.

परतीच्या वाटेवर वाद्य पुढे, मी मागे. बऱ्याच वेळाने मी विषय काढला, म्हणजे अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, की बाबा रे, वाजवताना कोणी 'वा' म्हटलेले ऐकू येते का.

"तुझा आला की ऐकू," भाचा म्हणाला. "बरं वाटलं, मामा. फक्त दोन बार आधी आला."

"म्हणजे?"

"अकराव्या बारला सा परत येतो ना, तिथे दिलास तू. सम पुढे होती, बारावा संपल्यावर. मी तिथे काहीतरी करणार होतो, पण तू दचकवलंस."

मी काही बोललो नाही. आमच्याकडे सा आला की घर आले असे मानतात, हे मी त्याला सांगू शकलो असतो, पण रबेकांवाची मान खांद्यावर घेऊन माणसाला वाद घालता येत नाही. मांडवीचा पूल ओलांडून फोंड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी अंधारात बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होतो, आणि दर वेळी बाराच येत होते.