वाऱ्याला पाठ दाखवू नका

मित्र फार झाले असतील आणि थोडे कमी करायचे असतील, तर सायकलसहल काढा. गोव्याला नेऊन मित्र कमी होत नाहीत. उलट पुढच्या वेळी ते मेहुण्याला घेऊन येतात. त्यासाठी मराठवाड्यातलं बालाघाटचं पठार लागतं, आषाढ लागतो आणि हँडलचं तोंड पश्चिमेला लागतं. तिन्ही जुळून आलं, तर पाचाचे दोन व्हायला एक दिवस पुरतो.

महिन्याबाबत तडजोड करू नका. हिवाळ्यात जा म्हणणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकलंत तर उसाच्या डबल ट्रॉल्या आणि त्यांच्यावरची गाणी एवढाच त्रास पदरी पडेल. जून ते सप्टेंबर मात्र इथे नैर्ऋत्य-पश्चिमेचा वारा असतो आणि आषाढात तो अगदी भरात येतो. समुद्रावरून निघताना त्याच्याजवळ पाणी असतं. त्यातलं बरंचसं तो सह्याद्रीत उतरवतो आणि हात हलवत आमच्याकडे पोचतो. मराठवाड्याला पश्चिमेकडून जे जे येतं, त्याची साधारण हीच पद्धत आहे, त्यामुळे आम्ही त्याचंही वाईट वाटून घेत नाही.

मार्ग सांगतो. आंबाजोगाईहून निघा. केज, नेकनूर, मांजरसुंब्याला सोलापूर-धुळे महामार्ग ओलांडून पाटोदा, आणि शेवटी सौताड्याचा धबधबा. अंतर शंभराच्या वर आणि दिशा जवळजवळ सगळी मावळतीची. कुणी शहाणा म्हणेल की सायकली टेम्पोत टाकून आधी सौताड्याला जाऊ आणि तिथून आंबाजोगाईकडे येऊ. त्याला ग्रुपमधून काढा. संतकवी दासोपंतांनी चाळीसेक फुटांच्या कापडावर आपली पासोडी लिहिली ती याच आंबाजोगाईत. घरात बसून लिहिली म्हणून ती आज गावात आहे. पठारावर पसरून लिहायला घेतली असती, तर अहमदपूरच्या शिवारात शोधावी लागली असती.

मार्ग ठरवताना फक्त मोबाइलवर विसंबा. त्यात अंतर दिसतं, चढ दिसतो, वाटेतले पेट्रोल पंप दिसतात. वारा दिसत नाही. आमच्या ॲडमिननं चढाचा आलेख सगळ्यांना पाठवून खाली लिहिलं होतं, ‘किरकोळ आहे.’ आलेख खरोखरच किरकोळ होता. त्या आलेखाचा मी आजही आदर करतो.

निघण्याची वेळ दहाची ठेवा. पहाटे वारा पडलेला असतो. पाचला निघालात तर नऊपर्यंत कसलीही मजा येणार नाही. ऊन वर आलं, जमीन तापली की वरच्या थरातला जोरकस वारा खाली उतरतो आणि दुपारी ऐन रंगात येतो. तेव्हा आधी मुरमुऱ्यांची सुशीला खा, दोन कट चहा घ्या, मग फोटो काढा. फोटो निघण्याआधीच काढून घ्यावेत, कारण पाचही जण हसताहेत असा फोटो त्यानंतर मिळत नाही.

सामानात ढगळ रेनकोट घ्या, तो शिडाचं काम करतो. उलट्या दिशेचं शीड, पण शीडच. ट्यूब मात्र त्या बारीक तोंडाच्या, फ्रेंच व्हॉल्व्हच्याच असू द्या आणि त्याचा दीड रुपयाएवढा ॲडॉप्टर घरी विसरा. वेड्या बाभळीचा काटा वाटेत तुमची वाट पाहतच असतो. नेकनूरच्या अलीकडे पंक्चरवाल्यानं आमचा व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला, आपल्या कॉम्प्रेसरची नळी त्याला लावून पाहिली आणि शांतपणे विचारलं, “भाऊ, सायकल केवढ्याची?” आमच्यातल्या डॉक्टरांनी आकडा सांगितला. त्याने शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारली. टपरीवाल्यानं आणखी दोघांना बोलावलं. हवा शेवटी आमच्यातल्याच मास्तरांच्या हातपंपानं भरली, पण तोपर्यंत आमच्याभोवती चांगली सभा भरली होती.

मार्ग बरोबर निवडलाय की नाही, हे मांजरसुंब्याच्या पुढे कळतं. दोन्हीकडच्या माळावर पवनचक्क्या दिसायला लागल्या की निश्चिंत व्हा. त्या उभारणाऱ्या कंपन्यांनी खांब रोवण्याआधी कित्येक महिने वारा मोजलेला असतो आणि जिथे तो सर्वांत जास्त, तिथे कोट्यवधी रुपये ओतलेले असतात. तुम्ही तीच जागा शनिवारी रात्री भज्यांच्या ताटाभोवती बसून फुकटात निवडलीत. पवनचक्की आपलं डोकं स्वतःच वाऱ्याकडे वळवते, त्यामुळे पाती जिकडे, वारा तिकडून. समोरची पवनचक्की पाठमोरी दिसत असेल, तर तुमचं आणि तिचं तोंड एकाच दिशेला आहे. तिला त्याचे पैसे मिळतात.

आता हिशेब. हवा स्थिर असताना तुम्ही ताशी 15 किलोमीटरनं चाललात, तर अंगावर तेवढीच हवा येते. समोरून ताशी 20 चा वारा सुटला की ती 35 ची होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पटीहून थोड्या जास्त हवेला जवळजवळ साडेपाच पट रोध. हे आम्हाला मास्तरांनी धापा टाकत समजावलं. त्यांना थोडा वेळ थांबायचं होतं, एवढाच त्या तासाचा हेतू होता, पण विषय कळला.

मैत्रीची खरी कसोटी इथून. एकाच्या मागे एक, चाकाला चाक लावून चाललं, तर मागच्याचे कष्ट पाव ते तृतीयांश कमी होतात. म्हणजे कुणीतरी एकानं पुढे राहून वारा खायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीकडे पाहत जायचं. पुढारी आणि जनता यांच्यात नेमकी हीच व्यवस्था असते, फक्त उलटी. प्रत्येकानं पाच-पाच मिनिटं पुढे राहायचं, असा नियम निघतानाच ठरवून टाका. नियम ठरलेला असला की मोडल्याचं दुःख नीट होतं.

आपली पाळी आली की काय करायचं, याचे प्रकार आहेत. चेनचा आवाज येतोय, असं म्हणावं. बायकोचा फोन घ्यावा. आमच्या ॲडमिनला त्या दिवशी तो सहा वेळा आला, त्यातला एक रेंज नसलेल्या भागात. डॉक्टर पाळी आली की दुसऱ्याची नाडी पाहून ‘तुला विश्रांती हवी’ असं सांगत आणि सगळ्यांना थांबवत. मी स्वतः एकदा बाजूला होऊन बुटाची लेस बांधत बसलो. माझ्या बुटाला लेस नव्हती, वेल्क्रो होतं. हे मास्तरांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वारा जरा तिरका, डावीकडून आला, तर एकामागे एक राहून भागत नाही. आडोसाही तिरका सरकतो, पुढच्याच्या उजव्या हाताला. पाच जणांनी तो धरायचा म्हटलं तर तिरप्या रांगेला अख्खा रस्ता लागतो. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचं यावरचं मत आम्ही सविस्तर ऐकलं. ते इथे देत नाही.

पाटोद्याच्या अलीकडे टपरीवर एक आजोबा बसले होते.

“कुठून आलाव?”

“आंबाजोगाईहून.”

“सायकलीवर? कामून, एसटी बंद हाय का?”

मास्तरांनी हौस, आरोग्य, पर्यावरण वगैरे सांगितलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या माळाकडे हात केला. तिथे सात-आठ म्हशी एका रांगेत, वाऱ्याकडे शेपट्या करून उभ्या होत्या.

“त्यान्ला बी कळतंय बगा, वारं कुठून येतंय ते.”

चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. दया आली असावी.

सौताड्याला पोचेपर्यंत अंधार पडला. विंचरणा नदीचं पाणी कड्यावरून पडतंय हे ऐकू येत होतं, त्यावर समाधान मानलं. भाकरी, ठेचा आणि पिठलं समोर आलं, तेव्हा पाच जणांत मिळून चार वाक्यं झाली असतील. त्यातली दोन ‘मीठ दे’ अशी होती.

परतीचा सल्ला एवढाच, की आदल्या दिवसाची आठवण अजिबात ठेवू नका. सकाळी त्याच रस्त्याला लागलो तर पेडल मारायच्या आधीच सायकल चालायला लागली. पाटोदा कधी मागे पडलं ते कळलं नाही. काल पाठ दाखवणाऱ्या पवनचक्क्या आज समोरून तोंड करून उभ्या होत्या आणि कालच्याच जोरानं फिरत होत्या, पण कानाशी वाऱ्याचा आवाज नव्हता. मांजरसुंब्यानंतर केजच्या वाटेवर तो उजवीकडून यायला लागला तेव्हा तेवढं सांभाळा: ट्रक बाजूनं गेला की वारा क्षणभर तुटतो आणि वाऱ्यावर रेललेली सायकल थेट ट्रककडे झुकते. हा एक सल्ला खरा आहे.

पाचही जणांना आता पुढे राहायचं होतं. ॲडमिनचा फोन एकदाही वाजला नाही. केजला पोहे मागवून त्यांनी मोबाइलमधला सरासरी वेग सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाले, “काल पाय मोकळे झाले नव्हते. आज बघा. तयारी असली की वाराबिरा काही लागत नाही.”

“आज वारा होता कुठं?” डॉक्टर म्हणाले.

मास्तर पोह्यातली मिरची बाजूला काढत होते. पुढच्या आषाढात नांदेड करायचं, हे तिथेच ठरलं. मी विचारलं, इकडून तिकडे जायचं ना?

“छे,” ॲडमिन म्हणाले, “परळीहून सायकली रेल्वेत टाकायच्या, नांदेडला उतरायचं, आणि तिथून चालवत घरी यायचं.”

सगळ्यांनी होकार दिला. मीही दिला, आणि घरी आल्यावर लेसवाले बूट मागवले.