मानेवरचा मळ

मागच्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे आईने नातवाला पाटावर बसवलं, उटणं लावलं आणि मानेपाशी आल्यावर ओरडलीच, "किती रे हा मळ! अंघोळ करतोस की नुसतं पाणी ओततोस?" मग बेसन झालं, लिंबू झालं, शेवटी वजरी. मान लालबुंद झाली, काळेपणा जागचा हलला नाही. १३ वर्षांचं पोर, डोळे भरून मुकाट बसलेलं. शाळेतही त्याच मानेवरून चिडवत होते, हे नंतर कळलं.

मळ नव्हताच तो. जानेवारीत खोकल्यासाठी नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथो लावायला कॉलर खाली ओढली आणि खोकला राहिला बाजूला. काखा पाहिल्या, पोटाचा घेर मोजला. "घरात शुगर कोणाला?" बाबांना होती, काकांना आहे, दोन वर्षांपासून मलाही.

रिपोर्टात उपाशीपोटीची साखर ९४. मला हायसं वाटलं. बाई म्हणाल्या, खालचं वाचा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.९ (५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसचा उंबरठा), ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १८८, आणि लिव्हरचा त्रास दाखवणारं एसजीपीटी ७२, तिन्ही जास्त. साखर ताब्यात दिसत होती, कारण स्वादुपिंड ओव्हरटाइम करत होतं. स्नायू आणि लिव्हर इन्शुलिनला दाद देईनात, म्हणून शरीर आणखी इन्शुलिन ओततं. त्या जादा इन्शुलिनने मानेची, काखेची कातडी जाड, मखमली, काळी होते. आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. दारूचा वासही न घेतलेल्या पोराच्या! वयात येताना इन्शुलिनचा असर तसाही घटतो, आणि या वयात जडलेला टाइप २ मोठ्यांपेक्षा झपाट्याने बिघडतो.

"खात्यापित्या घरचा आहे," हे वाक्य मीही शंभरदा म्हटलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक किती वर्षांपासून सांगताहेत की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, पण चरबीला जास्त असतात. म्हणजे आपल्याकडे थोडं सुटलेलं पोट गोऱ्यांच्या बऱ्याच सुटलेल्या पोटाइतकं महागात पडतं.

आमच्या इंदूरच्या सराफ्याला, रात्रीच्या खाऊगल्लीला, शिव्या देऊ नका. सराफ्यात आम्ही महिन्यातून एकदा जातो. नडतं ते रोजचं. डब्यात सेव-परमल (शेव-मुरमुरे), शाळेतून थेट कोचिंग, मधे कोल्ड्रिंक (३०० मिलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर!), खेळाचा तास गणिताने खाल्लेला. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे बोर्ड लावायला सांगितले. त्याच्या शाळेत लागलाय. कँटीनच्या खिडकीशेजारी. खिडकीतून तेच विकतात.

आणि आपले नातेवाईक! एकाच पंगतीत एकच आत्या, "घे रे आणखी एक पोळी, वाढतं अंग आहे," आणि हात धुताना, "केवढा सुटलाय गं हा!" दोन्ही त्याच्यासमोर.

त्याला एकट्याला डाएटवर ठेवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. सेवेचा डबाच घरातून गेला. वरणावर सेव न भुरभुरता जेवणारा इंदूरकर मी पहिलाच असेन, आणि अजून रोज चिडतो. कोचिंगचा एक विषय सोडला, संध्याकाळी गल्लीत क्रिकेट. आठ महिन्यांत वजन जेमतेम दोन किलो उतरलं, उंची मात्र चार सेंटीमीटर वाढली. एसजीपीटी ४१. मान थोडी उजळलीय, अजून वेळ लागेल म्हणतात.

परवा आईने उटण्याचा डबा काढून उन्हात ठेवला. त्याने लांबूनच विचारलं, "आजी, वजरी कुठंय?" म्हणाली, "फेकली."