गोव्यात थारच कशाला?

‘गोव्याला गेलात की भाड्याने थारच घ्या’ हे गोव्यातल्या भाड्याच्या गाड्यांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. दोघंच असाल, सामान एका बॅगेत मावत असेल तर ठीक. पण घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांनी तीन दारांच्या थारच्या वाटेला जाऊ नये. पुढची सीट वाकवून मागे चढताना माझ्या सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. हार्डटॉपला, म्हणजे पक्क्या छताच्या थारला, मागच्या खिडक्या उघडत नाहीत, आणि मागची सीट वापरात असली की बॅगा ठेवायला जागाच उरत नाही.

पुढच्या खेपेला वॅगन आर घेतली. दिसायला साधी, पण रुंदी १६२० मिलिमीटर, थारची १८२०. हे वीस सेंटिमीटर हायवेवर जाणवत नाहीत. आसगाव-शिवोलीच्या आतल्या रस्त्यांवर, एका बाजूला चिऱ्याची भिंत आणि समोरून बस आली की बरोबर कळतात! दिवाडीच्या फेरीबोटीत गाडी चढवतानाही छोटी गाडी बरी पडते. आई-बाबांना आरामात चढता-उतरता आलं, ३४१ लिटरच्या डिकीत सगळ्यांच्या बॅगा बसल्या. चोर्ला घाटात चढाला पुन्हा पुन्हा खालचा गिअर टाकावा लागला हे खरं, पण सुट्टीत घाई कोणाला असते?

आणि एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण ते बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.