हर-टू रिसेप्टर दूध पीत नाही

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, रिपोर्टवर हर-टू ३+ लिहिलेलं (म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचा रिसेप्टर खूप जास्त, यालाच हर-टू पॉझिटिव्ह म्हणतात), आणि आठ दिवस झाले नाहीत तोवर फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेपण आला असेल. थोडक्यात असा: हर-टू पॉझिटिव्ह हा सगळ्यात घातक, त्याला इलाज नाही, तो घराण्यात उतरतो म्हणून मुलींची लगेच टेस्ट करा, दुधात ग्रोथ फॅक्टर असतात त्यावर हा रिसेप्टर जगतो म्हणून दूध-दही-पनीर बंद केलं की ३ महिन्यांत तो उपाशी मरतो, महागडं इंजेक्शन म्हणजे दुसऱ्या नावानं केमोच, आणि देशी स्वस्त इंजेक्शन डुप्लिकेट. झालं, मावशी दुसऱ्या दिवसापासून कोरा चहा प्यायला लागली.

आधी दुधाचंच बोलतो, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच घातलाय.

पेशीच्या वरच्या पडद्यावर रिसेप्टर असतात, बाहेरून ग्रोथ फॅक्टर येऊन चिकटला की आत निरोप जातो, "वाढ, विभाजन कर". स्टॅनली कोहेननी उंदराच्या लाळग्रंथीतून असा एक ग्रोथ फॅक्टर शोधला, त्या कामाला १९८६ चं नोबेल मिळालं, तेव्हा ही गोष्ट काही हवेतली नाही. हर-टू त्या ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरच्या घराण्यातला, चार भावंडांतला एक, म्हणून त्याच्या लांबलचक नावात (ह्यूमन एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर २) ग्रोथ फॅक्टर हे शब्द आहेत आणि मेसेजवाल्यानं बहुतेक नाव वाचूनच उपचार ठरवला. पण गंमत अशी की या चौघांत हर-टू असा एकटाच आहे ज्याला स्वतःचा ग्रोथ फॅक्टर लागतच नाही, इतकी वर्षं शोधूनसुद्धा त्याला चिकटणारा एकही सापडलेला नाही. तो कायम हात पुढे करून उभाच असतो, शेजारी दुसरा रिसेप्टर आला की जोडी जमते आणि निरोप सुरू. नॉर्मल पेशीवर असे साधारण २० हजार असतात, हर-टू पॉझिटिव्ह पेशीवर २० लाखांपर्यंत जातात. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये धक्का लागायला कुणी मुद्दाम ढकलावं लागतं का? तसंच. रोग गर्दीचा आहे, आता ज्याला खायलाच लागत नाही त्याला उपाशी कसं मारणार?

दुधात आयजीएफ-वन नावाचा ग्रोथ फॅक्टर असतो हे खरंय. पण ते प्रोटीन आहे, पोटात गेलं की बरंचसं पचतं, आणि त्याचा रिसेप्टर वेगळा, हर-टू नव्हे. खूप दूध पिणाऱ्यांच्या रक्तात आयजीएफ-वन जरा जास्त दिसतं हेपण खरंय, तरी त्यातून "दूध बंद करा, हर-टू मरेल" हे कुठूनच निघत नाही. उलट केमो चालू असताना जेवण जात नाही, प्रोटीन कमी पडतं, वजन उतरतं, आणि आम्ही नेमकं दूध-पनीर काढून घ्यायचं! शाकाहारी घरात मग उरलं काय, डाळीचं पाणी?

आता मुलींची टेस्ट. हर-टूचा जीन तुमच्या-माझ्या सगळ्यांकडे आहे, १७ नंबरच्या क्रोमोसोमवर, दोन कॉपी. कॅन्सरच्या पेशीत त्याच्या कॉप्या वाढत जातात आणि हे त्या गाठीतच घडतं, आईकडून मुलीला जात नाही. टेस्टसुद्धा गाठीच्या तुकड्यावर होते, मुलीला गाठच नाही तर तपासणार कशावर? घराण्यात उतरतो तो बीआरसीए नावाच्या जीनमधला बिघाड, त्याची रक्ताची टेस्ट वेगळी, ती कुणी करायची ते वय आणि घरातला इतिहास बघून डॉक्टर सांगतात. दोन्हींची खिचडी करू नका.

"इलाज नाही" हे वाक्य पूर्वी बऱ्यापैकी खरं होतं. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांच्या टीमनं दाखवलं की ज्यांच्या गाठीत हर-टूच्या कॉप्या जास्त त्यांचा आजार लवकर उलटतो, म्हणजे परत येतो. पण १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आलं, म्हणजे मेसेजमधलं ते महागडं इंजेक्शन, आणि २००५ मध्ये सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटचे निकाल आले, केमोसोबत हे दिल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर. पसरलेल्या आजारातसुद्धा याच्यासोबत पर्टुझुमॅब हे हर-टूवरचंच दुसरं औषध दिलेल्या एका मोठ्या अभ्यासात ८ वर्षांनी ३७ टक्के पेशंट हयात होत्या, पर्टुझुमॅबशिवाय २३ टक्के. पसरलेला आजार मुळापासून जातो असं मी म्हणत नाही, बहुतेकदा नाहीच जात. पण मेसेज पंचवीसेक वर्षं शिळा आहे.

केमो म्हणाल तर ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी आहे, ती हर-टूवर जाऊन बसते. केस जातात ते बहुतेक सोबतच्या केमोनं. (काही नव्या औषधांत अँटिबॉडीलाच केमो जोडलेला असतो, ती गोष्ट वेगळी.) खरी जपायची गोष्ट हार्ट, पंपिंग कमी होऊ शकतं, म्हणून आधी आणि मग साधारण दर ३ महिन्यांनी टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करतात, आणि बऱ्याच जणींचं औषध थांबवल्यावर सुधारतं. एवढी कामाची गोष्ट मेसेजमध्ये औषधालापण नाही.

आणि डुप्लिकेट? जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधाची हुबेहूब झेरॉक्स निघत नाही, म्हणून त्याला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात, आणि मूळ औषधाशी तुलना करून दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीनं मायलन या कंपनीसोबत केलेलं ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून भारतात मिळतंय, आणि याच जोडीच्या ट्रास्टुझुमॅबला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, मंजुरी दिली, तिथलं या औषधाचं पहिलं बायोसिमिलर. नकली माल बाजारात येतो तो महागड्या ब्रँडच्या नावानंपण येतो, म्हणून पक्कं बिल घ्या, बॅच नंबर बघा, आणि घरून न्यायचं असेल तर बर्फाच्या डब्यातून न्या, २ ते ८ डिग्रीत, फक्त गोठू देऊ नका.