पोलिसातल्या गे-लेस्बियन पोरापोरींनी बोलायचं कुणाशी?

मी सोलापुरातल्या पोलीस लाइनीत वाढलेली, वडील हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यामुळं पोलिसातल्या गे-लेस्बियन लोकांचा एकमेकांना धीर देणारा ग्रुप असावा, असं मला अगदी मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

लाइनीत कुणाचंच काही झाकून राहत नाही. त्यात पोरगा तिशीचा झाला की ड्युटीवर रोज एकच, "काय बे, लगीन कवा करालास?" आषाढीच्या बंदोबस्ताला पंढरपुरात एकेका शाळेच्या हॉलमध्ये सगळे शेजारी शेजारी झोपणार, रात्री गप्पा बायकापोरांच्या आणि पोरींच्याच, मग गे असलेला शिपाई काय करतो, खोटी गर्लफ्रेंड सांगतो आणि ते खोटं वर्षानुवर्षं सांभाळत बसतो. लेडीज कॉन्स्टेबलची गत अजून वाईट, घरच्यांनी स्थळ बघून ठेवलेलंच असतं. बारा बारा तास ड्युटी, कंबरेला पिस्तूल आणि मनात हे सगळं. मला खरंच भीती वाटते ओ.

साहेब चांगले असले तरी साहेबांना कोण सांगणार? गोपनीय अहवाल तेच लिहितात. तणावमुक्तीचं लेक्चर होतं तेव्हा सगळे हॉलमध्ये बसलेले, तिथं हात वर करून कोण बोलेल? आपल्यासारखाच, आपल्याच रँकचा, नाईट करून आलेला माणूस लागतो.

आणि नोकरी जायची भीती काही उगाच नाही. 1987-88 मध्ये भोपाळमध्ये लीला आणि उर्मिला या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं तर दोघींना नोकरीवरून काढलं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तरी 2019 मध्ये बुलंदशहरच्या एका होमगार्डला गे म्हणून काढलंच. 2021 मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं त्याला परत घ्यायला लावलं. म्हणजे कायदा बाजूनं आहे, पण कोर्टात एकट्यानं लढायला किती जणांची छाती होणार?

न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स कॉक्रेन नावाच्या सार्जंटनं 1981 ला सिटी कौन्सिलपुढं उघड सांगितलं की मी गे आहे, आणि 1982 मध्ये तिथं गे पोलिसांची संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये 1990 ला झाली.

आपल्याकडं लगेच म्हणतात पोलिसांना युनियन करता येत नाही. बरोबर, 1966 चा कायदा आहे, परवानगीशिवाय युनियन नाही. पण त्याच कायद्यात निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळाला मोकळीक आहे, लाइनीत गणपती मंडळ, भजनी मंडळ चालतंच की. एकमेकाला धीर देणारा ग्रुप का नाही चालणार? आणि वरून परवानगी लागलीच तर वरिष्ठांनी ती द्यावी, त्यात सरकारचं काय जातंय?

फक्त एक करा, सोलापूरच्या पोराला सोलापूरचाच माणूस देऊ नका, इथं चहाच्या टपरीवरून बातमी मुख्यालयात पोचते. त्याला कोल्हापूरचा नाहीतर नांदेडचा कुणीतरी द्या, ट्रेनिंग दिलेला, फोनवर बोलणारा, आणि त्या फोनची नोंद सर्व्हिस बुकात तर नाहीच, कुठल्याच रजिस्टरला नको.